दहा बाय दहा फुटांची बाग: पुष्पप्रदर्शनाच्या स्पर्धेसाठी विद्यार्थ्यांनी कशी उभारावी

परीक्षक सकाळी येणार आणि त्या वेळी बागेतलं जवळजवळ प्रत्येक फूल उमललेलं हवं. आदल्या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात नको. स्पर्धेच्या बागेची ही एक अट समजली की बाकीची तयारी त्या सकाळपासून उलट मोजत आणता येते. कॉलेजची मुलं बहुतेक वेळा चित्र काढण्यापासून सुरुवात करतात. मी त्यांच्या हातात आधी कॅलेंडर देतो.

भायखळ्याला, १८६२ साली खुल्या झालेल्या आपल्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, मुंबई महापालिका दरवर्षी साधारण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला फुलाफळांचं प्रदर्शन भरवते. शहरातली इतरही प्रदर्शनं थंडीच्या याच दिवसांत असतात, कारण हंगामी फुलं मुंबईत तेव्हाच टिकतात. म्हणून या लेखात परीक्षण ६ फेब्रुवारीला आहे असं धरून तारखा दिल्या आहेत. तुमची तारीख वेगळी असेल तर सगळ्या तारखा तेवढ्याच दिवसांनी पुढेमागे करा.

माणसं आणि परवानग्या, जुलै-ऑगस्टमध्येच

पंधरा-वीस जणांचा गट पुरतो. बारावीच्या मुलांवर मुख्य जबाबदारी टाकू नका, फेब्रुवारीत त्यांची बोर्डाची परीक्षा डोक्यावर असते. अकरावी आणि पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं घ्या. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं. हे काम त्यात धरता येईल का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारा. जमलं तर दिवाळीच्या सुट्टीतही पाणी घालायला हक्काचे हात मिळतात.

रोपं वाढवायला कॉलेजची गच्ची किंवा आवारातला ऊन येणारा कोपरा लागेल. गच्ची असेल तर प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या आणि देखभाल बघणाऱ्या अभियंत्यांना जागा दाखवा. कुंड्या कठड्याच्या कडेने, तुळयांच्या वर येतील अशा ठेवायच्या, स्लॅबच्या मधोमध ढीग करायचा नाही. जागेला रोज किमान सहा तास ऊन हवं. समुद्र जवळ असेल तर पश्चिमेकडून हिरव्या शेडनेटचा आडोसा करा, खाऱ्या वाऱ्याने कोवळी पानं कडेने करपतात. पाण्याचं गणितही इथेच मांडा. दोनशे लहान कुंड्यांना दिवसाला सुमारे १०० लिटर पाणी लागतं आणि मुंबईत नळाला पाणी ठराविक वेळीच येतं. २०० लिटरचं झाकणवालं पिंप घ्या. झाकण घट्टच हवं, डासांची पैदास सापडली तर पालिकेची नोटीस कॉलेजला येते.

आणि आयोजकांची नियमावली. ती गटातल्या प्रत्येकाने स्वतः वाचावी, एकाने वाचून इतरांना सांगू नये. जागेचं नेमकं माप, जमीन खणायला परवानगी आहे का, उंचीची मर्यादा, वीज-पाणी मिळेल का, गाडी आत किती वाजेपर्यंत सोडतात आणि गुण कशाकशाला आहेत, एवढं कागदावर उतरवून भिंतीला लावा.

विषय निवडताना

लंडनचं चेल्सी पुष्पप्रदर्शन १९१३ पासून रॉयल हॉस्पिटलच्या आवारात भरतं. तिथल्या पदकांची एक पद्धत आपण घेण्यासारखी आहे. बागकाराने आपली बाग काय सांगणार आणि कुणासाठी आहे, हे आधी लिहून द्यायचं असतं. परीक्षक ती बाग शेजारच्या बागेशी न ताडता त्या लिखाणाशी आणि ठरलेल्या दर्जाशी ताडून बघतात. त्यामुळे एकाच वर्षी अनेक बागांना सुवर्णपदक मिळू शकतं. तुमच्या स्पर्धेत असं टिपण मागितलेलं नसलं तरी ते लिहाच. तीन-चार ओळी पुरेत. पुढे वाद झाला, आणि होतोच, की त्या ओळी वाचायच्या आणि निर्णय करायचा.

विषय फेब्रुवारीत उभा राहणारा हवा. दरवर्षी कुणीतरी उत्साहाने म्हणतं, ‘सर, कासचं पठार करू या.’ कल्पना सुंदर आहे, पण तेरडा आणि सोनकी ही पावसाळ्यातली, फार तर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंतची फुलं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि तीही पावसाळ्याच्या शेवटी. फेब्रुवारीत ते पठार प्लॅस्टिकच्या फुलांनीच करावं लागेल, आणि त्यापेक्षा न केलेलं बरं. खाडीचा विषय घेतलात तर तिवरांची रोपं उपटून आणायची नाहीत, तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून दगड, वाळकं लाकूड, शेवाळ काहीही उचलायचं नाही. रस्त्यावरच्या झाडाची फांदी तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मुलांना हे पहिल्या बैठकीतच सांगावं. बाग लावताना शहरातलं एक झाड जरी बोडकं झालं तर त्या बागेला काय अर्थ राहिला?

उदाहरण म्हणून ‘चाळीतली गॅलरी’ हा विषय घेऊ. लाकडी कठडा, वर मंगलोरी कौलांची पागोळी, तेलाच्या डब्यांत लावलेली सदाफुली आणि अबोली, तुळस, कोरफड, गवती चहा, दोरीवर चढलेला गोकर्ण, बाटलीतला मनीप्लांट, आणि गॅलरीखालच्या अंगणात झेंडूचा पिवळा-केशरी पट्टा. यातली बहुतेक झाडं मुंबईत बारमाही, झेंडू हंगामी. मोगरा मात्र फुलांसाठी धरू नका, त्याचा खरा बहर उन्हाळ्यात येतो. हा विषय मला आवडतो, कारण गिरगाव-परळ-लालबागमधल्या मुलांच्या आज्या त्यात लगेच सल्ला द्यायला लागतात आणि तो सल्ला कामाचा असतो.

आराखडा आणि कुंड्यांचा हिशोब

जागा दहा बाय दहा फूट धरू, म्हणजे १०० चौरस फूट. वर्गातल्या फरशीवर खडूने खऱ्या मापाचा चौकोन आखा आणि त्यात उभे राहा. कागदावर प्रशस्त वाटणारी पायवाट तिथे किती अरुंद होते, हे मुलांना लगेच कळतं. मग खाली बसून बघा. लहान मूल आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस साधारण तेवढ्या उंचीवरून बाग बघतो. लोक तीन बाजूंनी बघणार असतील तर उंच वस्तू मागच्या कोपऱ्यात घ्या, एकाच बाजूने बघणार असतील तर मागच्या कडेला सरळ रेषेत.

आमच्या गॅलरीसाठी विभागणी अशी: फुलांना ४० चौरस फूट, हिरव्या झाडांना २५, पायवाट आणि मोकळी जागा २०, बांधकामाला १५. सहा इंची कुंड्या एकमेकींना चिकटून लावल्या की चौरस फुटात चार बसतात, म्हणजे फुलांच्या १६०. त्यावर पंचवीस-तीस जादा धरा. वाहतुकीत मोडणाऱ्या, उशिरा उमलणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी मान टाकणाऱ्या कुंड्या बदलायला त्याच उपयोगी पडतात. एकूण सुमारे १९० झाल्या. हिरवी झाडं आठ ते दहा इंची कुंड्यांत चाळीसच्या आसपास.

माती भरायला सहा इंची कुंडीला पावणेदोन लिटरच्या आसपास मिश्रण लागतं. १९० कुंड्यांना ३२० ते ३३० लिटर. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४ भाग, लाल माती ३, गांडूळखत ३ हे मिश्रण गच्चीवर हलकं पडतं. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजल्यावर साधारण ६० ते ७५ लिटर होते, म्हणजे दोन विटा पुरतील. वीट भिजवून, पाणी ओतून देऊन, पुन्हा धुऊनच वापरा. न धुतलेल्या कोकोपीटमधले क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाहीत. मूठभर नीमपेंड घातली तर मातीतली कीड कमी राहते.

पेरणी: इथेच स्पर्धा जिंकली किंवा हरली जाते

खाली दिलेले दिवस मुंबईच्या थंडीतले, शेंडा एकदा खुडलेला धरून आहेत. पाकिटावर लिहिलेल्या दिवसांपेक्षा हे थोडे जास्त वाटतील. खुडल्याने फूल आठ-दहा दिवस लांबतं, पण एका काडीच्या जागी भरगच्च झुडूप मिळतं.

अॅस्टर: ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात.
पिटुनिया: ३० ऑक्टोबरच्या सुमारास.
सॅल्व्हिया: १० नोव्हेंबर.
मोठा आफ्रिकन झेंडू: १८ नोव्हेंबर.
कोंबडा: ३ डिसेंबर.
झिनिया: ५ डिसेंबर.
बुटका फ्रेंच झेंडू: ८ डिसेंबर.

प्रत्येक फुलाचं बी दोनदा पेरा: अर्धं या तारखेच्या चार दिवस आधी, अर्धं चार दिवस नंतर. थंडी जास्त पडली तर पहिली तुकडी वेळेवर येते, कमी पडली तर दुसरी. मुंबईची थंडी कधी येईल आणि किती राहील याचा भरवसा नाही, म्हणून हा एकच विमा आहे. मुलांना तो वाया घालवलेला खर्च वाटतो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मत बदलतं.

पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो. ते मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही, पाणी झारीने न देता ट्रे खालून भिजवायचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. पहिल्यांदाच बाग करणाऱ्या गटाने पिटुनियाची तयार रोपं रोपवाटिकेतून घ्यावी, त्यात कमीपणा नाही. फक्त नियमावलीत ‘रोपं स्वतः वाढवलेली हवीत’ अशी अट नाही ना, ते बघा. झेंडू आणि झिनिया मात्र बियांपासूनच करा, मुलांना शिकायला त्याहून चांगलं काही नाही.

चार-पाच पानांवर, म्हणजे वीस-पंचवीस दिवसांनी रोपं कुंडीत लावायची. लावणी नेहमी संध्याकाळी. महिनाभराचं रोप झालं की शेंडा खुडायचा. कळ्या दिसेपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला २ ग्रॅम, कळ्या दिसल्यावर नत्र नसलेलं ०:५२:३४ तेवढ्याच प्रमाणात. नत्र वाढलं की पानं माजतात आणि फूल मागे पडतं. मावा आणि फुलकिड्यांसाठी कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिलि, दोन थेंब साबणाचं पाणी घालून, उन्हं उतरल्यावर. लाल कोळी झेंडूच्या पानामागे बसतो, म्हणून पान उलटून बघायची सवय लावा. परीक्षणाआधीच्या आठवड्यात काहीही फवारायचं नाही, पानांवर डाग राहतात.

शेवंतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिचं वागणं समजलं तर स्पर्धेत फार मोठा फायदा होतो. शेवंती रात्र मोठी झाल्यावर कळ्या धरते. आपल्याकडे ती नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते आणि फेब्रुवारीपर्यंत संपलेली असते. पण रात्रीच्या मध्यावर तिच्यावर उजेड पाडला तर ती रात्र लहानच समजते आणि नुसती वाढत राहते. जून-जुलैत लावलेल्या छाट कलमांवर सप्टेंबरच्या सुरुवातीपासून रोज रात्री दहा ते दोन एलईडी दिवा लावा, टायमरवर. ३० नोव्हेंबरला दिवा कायमचा बंद करा. त्यानंतर नऊ-दहा आठवड्यांनी, म्हणजे बरोबर आपल्या तारखेला, ती फुलते. जातीनुसार एक-दोन आठवड्यांचा फरक पडतो, म्हणून दोन-तीन जाती ठेवा. दिवा बंद केल्यावर मात्र गच्चीवर पूर्ण काळोख हवा. शेजारच्या रस्त्यावरचा दिवा किंवा जाहिरातीचा फलक तिच्यावर पडत असेल तर कळ्या अडकून राहतात. मुंबईत काळोखी जागा शोधणं हेच यातलं अवघड काम आहे. जिन्याच्या खोलीची मागची बाजू बघा.

शेवटचे चार आठवडे

८ जानेवारीपासून प्रत्येक तुकडीचा फोटो आठवड्याला त्याच जागेवरून काढा. झेंडू आधीच फुलायला लागला तर १५ जानेवारीपर्यंत दिसेल ती कळी आणि फूल खुडा, पुढचा बहर सुमारे तीन आठवड्यांत येतो. फुलं खुडताना मुलांचा जीव वर-खाली होतो, तरी खुडायचीच. उशीर होतोय असं दिसलं तर त्या कुंड्या सर्वांत उन्हाच्या, भिंतीजवळच्या उबेच्या जागी हलवा. लवकर होतंय असं वाटलं तर दुपारनंतर सावलीत.

याच काळात बांधकाम सुटं करून तयार ठेवा. जमीन खणता येणार नाही असंच धरून चाला. कठडा, बांबूची चौकट, कौलांचा पट्टा, सगळं कॉलेजात एकदा पूर्ण जोडून, आकडे टाकून, सोडवून ठेवायचं. कड करायला जांभा किंवा विटा सिमेंटशिवाय रचायच्या. उंच चौकटीच्या पायाशी वाळूच्या गोण्या ठेवून वर फुलं झाकायची. गर्दीत एखादं मूल तिला लटकणार हे धरूनच मजबुती बघायची, आणि वरच्या कौलांना तारेने बांधायचं. थर्माकोलची सजावट नको, महाराष्ट्रात २०१८ पासून तिच्यावर बंदी आहे. जुनी लाकडं, तागाची गोणपाटं, सुतळी, काथ्या एवढ्यात काम होतं. पाण्याचं घंगाळं किंवा छोटा हौद असेल तर पाणी फिरतं ठेवा किंवा त्यात गप्पी मासे सोडा. पालिकेचे लोकही डासांच्या अळ्यांसाठी तेच करतात.

वाहतूक आणि मैदानावरचा दिवस

भिजलेली सहा इंची कुंडी दीड-दोन किलोची. १९० कुंड्या म्हणजे चारशे किलोपेक्षा कमी, म्हणून एक छोटा हत्ती पुरेल असं वाटतं. पण त्याचा हौदा साधारण सात बाय पाच फुटांचा, एका थरात १४० कुंड्याच बसतात. हिरवी झाडं आणि कठडा वेगळाच. त्यामुळे दोन फेऱ्या धरा किंवा हौद्यात भाजीच्या क्रेटवर फळ्या टाकून दोन मजले करा. शहरात दिवसा मोठ्या गाड्यांना ठराविक वेळी बंदी असते, म्हणून मोठा टेम्पो घेणार असाल तर त्या वेळा चालकाला आधी विचारा. पाणी आदल्या संध्याकाळी द्या, निघताना नाही. वरून शेडनेट बांधा. ताडपत्रीखाली उकडून फुलं काळवंडतात आणि उघडी नेली तर पूर्व मुक्त मार्गावरच्या वाऱ्याने पाकळ्या झडतात.

मैदानावर क्रम मोडू नका: आधी जमिनीवर गोणपाट, मग बांधकाम, मग मोठी हिरवी झाडं, मग मागून पुढे फुलं, सगळ्यात शेवटी पायवाट. पायवाट आधी केली की मुलांच्याच पायांनी ती मळते. कुंड्यांच्या कडा कोकोपीट किंवा सुक्या पानांनी झाका. पुढच्या रांगेतल्या कुंड्या मागून किंचित उचलून बघणाऱ्याकडे झुकवा, फुलं दुप्पट दिसतात. रंगांत हात आखडता घ्या. पिवळा-केशरी पट्टा आणि त्यात सॅल्व्हियाचा लाल एकाच ठिकाणी, बाकी हिरवं. जे उगवलं ते सगळं मांडायचा मोह फार मोठा असतो, पण शिल्लक राहिलेल्या कुंड्या मागे झाकून ठेवा, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, रविवारी लागतील.

प्रत्येक झाडाला मराठी नावाची पाटी, खाली देवनागरीत शास्त्रीय नाव. परीक्षक येण्याआधी पानं ओल्या फडक्याने पुसा, सुकलेलं फूल, पिवळं पान काढा, झाडू मारा. बागेजवळ दोनच मुलं उभी ठेवा, बाकी सगळी दूर. त्या दोघांनी टिपणातल्या चार ओळी पाठ म्हणून न दाखवता सांगाव्यात. परीक्षक हमखास विचारतात, ‘हेच झाड का?’ त्याचं उत्तर लावणाऱ्या मुलाकडे असतं, म्हणून सर्वांत जास्त बोलणाऱ्यापेक्षा ज्याने रोज पाणी घातलं त्याला उभं करा.

प्रदर्शनाच्या दिवसांत पाणी फक्त पहाटे. दुपारी मान टाकलेल्या कुंड्या बदला, त्यांना सावलीत नेऊन खालून भिजवा, बहुतेक दुसऱ्या दिवशी परत उभ्या राहतात.

आवरताना

आवरायची वेळ नियमावलीत असते आणि तीही काही ठिकाणी गुणांत धरतात. कुंड्या कुणाला द्यायच्या हे आधीच ठरवा. शेजारच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांशी डिसेंबरात बोललात तर रविवारी संध्याकाळी टेम्पो थेट तिकडे जातो. झेंडूला अजून महिनाभर फुलं येतात, सदाफुली आणि अबोली तर वर्षानुवर्षं राहतात. शेवंतीची फुलं झाली की जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटा आणि कॉलेजातच ठेवा, जूनमध्ये तिच्याच फुटव्यांची कलमं करायची आहेत. बी धरायचं असेल तर साध्या जातींच्या झेंडूचं धरा, फूल झाडावरच पूर्ण वाळू द्या आणि कागदी पाकिटात जात आणि तारीख लिहून ठेवा. पाकिटावर ‘एफ-वन’ लिहिलेल्या संकरित बियांची पुढची पिढी सारखी निघत नाही, ते बी स्पर्धेसाठी नव्यानेच विकत घ्यावं लागेल.